माइक लावला होता, शपथ

माझा धंदा लग्नाचा. म्हणजे लग्नं जमवायचा नव्हे, जमलेली कॅमेऱ्यात घ्यायचा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात हळद, साखरपुडा, बारसं, सेवानिवृत्ती, जे काही होईल ते मी शूट करतो. मे महिन्यात घामाने निथळणारी नवरी माझ्या व्हिडिओत ढगांतून चालत येते, ही माझी गॅरंटी. अशा माणसाने व्हिडिओ आर्टच्या नादी लागायचं काही कारण नव्हतं.

पण बदलापुरात त्याचं एक शिबिर झालं आणि मी गेलो. फुकट होतं, चहाही होता. मुंबईहून एक सर आले होते. खादीचा कुर्ता आणि आवाज इतका हळू, की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवून एक व्हिडिओ दाखवला. त्यात एका माणसाचा कान होता. मी पुढच्या शॉटची वाट बघितली. कानच. मला वाटलं फाइल अडकली, म्हणून मदतीच्या भावनेने उठलो आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. तेव्हा कळलं, की फाइल व्यवस्थित चालली होती आणि मी ती बंद केली होती.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला ते थांबवावंसं वाटलं, हेही महत्त्वाचं आहे." त्या क्षणी मला या क्षेत्रात आपलं भविष्य दिसलं. हळदीत असं काही केलं असतं, तर नवरीच्या मामाने मला कॅमेऱ्यासकट बाहेर ठेवलं असतं.

मग त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला. कुठल्यातरी गायकाचा कार्यक्रम, पण कॅमेरा सगळा वेळ उलटा, प्रेक्षकांकडे. गायक दिसतच नाही. नुसते चेहरे, रडणारे, ओरडणारे. सर म्हणाले, "गायकाकडे सगळेच बघतात. गायकाकडे बघणाऱ्याकडे कोण बघतं?" आणि पुढे सांगितलं, की काही महिन्यांनी इथेच एक छोटं प्रदर्शन करायचंय, ज्याला वाटेल त्याने काम द्यावं.

मला तिथल्या तिथे आक्का आठवली.

आक्का माझी थोरली बहीण. अंबरनाथला राहते. एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, आता रिटायर. तिचा आवाज हा आमच्या घराण्याचा एकमेव दागिना. तिसऱ्या मजल्यावरून तिने हाक मारली, की खाली भाजीवाला थांबतो आणि शेजारच्या बिल्डिंगखालचा भाजीवालाही थांबतो. बुद्धविहारात जयंतीला गाणं म्हटलं, की मंडळाची पोरं माइक तिच्यापासून जरा लांब धरतात, स्पीकर फाटू नये म्हणून.

आणि ही आक्का एका गायिकेची भक्त. ती गायिका आमच्याकडे फार मोठी. भीमगीतं गाते, हळदीची गाणी गाते, मोबाइलवर तर घरोघर वाजते. आक्का आणि तिच्या कंपनीतल्या मैत्रिणी तिला 'मॅडम' म्हणतात. मॅडमचा कार्यक्रम शहाडला असो की पनवेलला, यांचा ग्रुप टेम्पो करून जातो, सगळ्यांच्या साड्या एका रंगाच्या. पहिल्या रांगेत बसून पूर्ण कार्यक्रम या बायका मॅडमबरोबर गातात. त्यातही आक्काची एक खोड. ती मॅडमच्या अर्धा श्वास आधी गाते. मॅडमने पुढची ओळ घ्यायला तोंड उघडावं, तोवर आक्काने शब्द टाकलेला असतो. बाकीच्या म्हणतात, मॅडम हिचं बघून गातात.

माझी कल्पना अशी: ग्रुपमधली एकेक बाई कॅमेऱ्यासमोर एकटी बसवायची. कानाला हेडफोन, त्यात मॅडमचं गाणं. बाईने हेडफोनमधलं ऐकत पूर्ण गाणं म्हणायचं. आपल्याला मॅडम ऐकूच येणार नाहीत. वाद्यं नाहीत, कोरस नाही. फक्त त्या बाईचा उघडा आवाज, जसा असेल तसा. सरांना फोनवर सांगितलं, तर आधी "परत सांगा" आलं. मग "वा" आलं.

आक्काला विचारायला गेलो, तेव्हा तिच्या घरी वेगळाच विषय चालला होता. तिच्या गळ्याला गाठ होती. तपासणीत साधी निघाली, पण वाढत होती, काढायलाच लागणार होती. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, की आवाजाची नस गाठीला लागून जाते. बहुतेकांना काही होत नाही. काहींचा आवाज थोडे दिवस बसतो. फार थोड्यांचा कायमचा बदलतो.

"मी त्यांना म्हटलं, बोलणं गेलं तरी चालेल, गाणं तेवढं सोडा," आक्का म्हणाली. "तर म्हणतात, मावशी, दोन्ही एकाच गळ्यातून येतं."

दाजी, म्हणजे आक्काचे मिस्टर, पेपरमागून म्हणाले, "बोलणं गेलं तर मला चालेल का, हे कोणी विचारलं नाही."

"तुम्ही गप्प बसा." आणि माझ्याकडे वळून, "तुझं ते काय असेल ते आधी कर. ऑपरेशनच्या आधी माझा आवाज घेऊन ठेव. नंतरचं कोणी बघितलंय?"

हे ती हसत म्हणाली, पण हात गळ्यावर होता.

आता आवाजच घ्यायचा तर जागा शांत पाहिजे. उल्हासनगरात शांत जागा शोधणं म्हणजे काय, ते उल्हासनगरवाल्यालाच माहीत. शेवटी ओळखीच्या एका सिंधी शेठचं कापडाचं गोदाम मिळालं. त्यांच्या दोन्ही मुलांची लग्नं मी शूट केली होती. चारी भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे. टाळी वाजवली तरी आवाज ताग्यांत मुरून जायचा. अशी जागा स्टुडिओवाले मुद्दाम बांधतात.

शेठ म्हणाले, "साईं, पिक्चर निकालनी है तो बाहर निकालो, लाइट अच्छी है."

मी म्हटलं, "शेठ, मेरे को पिक्चर नहीं, आवाज चाहिए."

हे वाक्य मी तोंडाने बोललोय. साक्षीदार आहेत.

आणि आवाजासाठी मी काय काय केलं! गोदामातला पंखा बंद केला. शेजारच्या कारखान्यातल्या शिलाई मशिनी शेठच्या ओळखीवर गाणं होईपर्यंत थांबवल्या. गल्लीतल्या हमालांना हातगाड्या ढकलू नका म्हणून विनवलं. एका बाईच्या बांगड्या काढायला लावल्या, आवाज येतो म्हणून. बाई म्हणाली, "सवाष्णीला बांगड्या काढायला लावतोस?" आक्का म्हणाली, "काढ गं, तो कलाकार झालाय." पदराला छोटा माइक टोचला, वायर कॅमेऱ्यात घातली. हेडफोन माझ्याकडे एकच, तो गाणारीच्या कानाला. घामाची धार लागली होती, पण सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता मी त्या गोदामात आणली.

दोन दिवस शूट चाललं. एकेक बाई आली, डोळे मिटून गायली, कोणी मध्येच रडली, कोणी गाणं विसरून मॅडमची नक्कल करायला लागली. आक्का सगळ्यांत शेवटी बसली. तिने मॅडमचं ते गाणं निवडलं होतं, ज्यात तिसऱ्या कडव्याला आवाज वर, फार वर जातो आणि तिथेच थांबतो. आक्का गेली वर. थांबलीही. दारात उभे असलेले हमाल आत आले आणि खाली बसले. शेठने टोपी काढली, ती का काढली ते त्यांनाही माहीत नसावं.

गाणं संपल्यावर तिने हेडफोन काढला, घाम पुसला आणि विचारलं, "आलं का रे सगळं?"

मी कॅमेऱ्यामागून हात पुढे काढून अंगठा दाखवला.

यानंतर लगेच माझ्याकडे लागोपाठ लग्नं होती. कॅमेऱ्याची कार्डं लॅपटॉपवर उतरवून ठेवली, फोकस बरोबर आहे ना एवढं बघितलं आणि हळदी मारत फिरलो. आक्काच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र सुट्टी काढून हॉस्पिटलात गेलो. तिला आत नेलं. मी आणि दाजी बाहेर बाकड्यावर. नुसतं बसून काय करायचं, म्हणून लॅपटॉप उघडला. हेडफोन लावला. आक्काचं गाणं लावलं.

आक्काचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

हेडफोनची पिन काढून फुंकली, परत घातली. आवाज वाढवला. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसऱ्या बाईची फाइल लावली, तिसरीची लावली. सगळ्या तोंडं उघडत होत्या, माशांसारख्या. मग मोबाइलवरचं एक गाणं लॅपटॉपवर घेऊन लावलं, ते इतकं मोठ्याने कानात आदळलं, की मी बाकड्यावरून उडालो. म्हणजे हेडफोन ठीक होता, लॅपटॉप ठीक होता. राहता राहिलो मी.

झालं होतं असं. हळदीत डीजे असतो. तो आवाज घेऊन करायचं काय? आम्ही व्हिडिओवाले एडिटिंगला बसलो, की वरून गाणं टाकतो, नवरा-नवरीच्या पसंतीचं. म्हणून मी फार पूर्वी कधीतरी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करून टाकलं होतं. तेव्हापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात माइकचं एक चित्र होतं, त्यावर काट. ते चित्र मी इतकी वर्षं बघत होतो, की मला ते कंपनीचं नक्षीकाम वाटायला लागलं होतं. माइक लावला होता, शपथ. वायरही घातली होती. कॅमेऱ्याने ती घेतली आणि आवाज सोडून दिला. गोदामात हेडफोन माझ्या कानाला असता, तर पहिल्याच बाईला कळलं असतं.

आत आक्काचा गळा उघडा होता आणि बाहेर माझ्याकडे तिचा आवाज नव्हता.

मी वेड्यासारखा जुनं शोधायला लागलो. मोबाइलमध्ये तिचे व्हॉइस मेसेज होते, ढीगभर. "येताना कोथिंबीर आण." "फोन उचल, शहाण्या." "दाजींचा बीपी वाढलाय, तू फोन करून अजून वाढवू नकोस." गाणं एकही नाही. मग घरातली लग्नं आठवली. भाचीच्या हळदीत आक्का ढोलकीवर किती गाणी गायली होती! ते शूट लॅपटॉपमध्येच होतं. लावलं. त्यात आक्का मान मागे टाकून तोंड उघडते आणि बासरी ऐकू येते. मीच टाकलेली, फार गोड बासरी. आमच्या घरच्या प्रत्येक समारंभातून मी माझ्या हातांनी आक्काचा आवाज पुसला होता आणि वर मेहनताना म्हणून पुरणपोळी खाल्ली होती.

"काय झालं रे?" दाजी.

"काही नाही."

"ऐकव की जरा. तिचंच आहे ना?"

"बॅटरी गेली."

दाजींनी चालू स्क्रीनकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, रडू नको. साधं ऑपरेशन आहे." मग ते खाली जाऊन माझ्यासाठी वडापाव घेऊन आले. ज्यांची बायको आत होती ते मला वडापाव भरवत होते आणि मी खातही होतो.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, नसेला धक्का लागलेला नाही, पण सूज आहे, आवाज हळूहळू येईल, घाई नको, ओरडणं तर मुळीच नको. आक्का घरी आली. बोलायची तर सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखं काहीतरी यायचं. तिने बोलणंच सोडलं. दाजींना हाक मारायची तर स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची. एकदा दाजी मला जिन्यात गाठून म्हणाले, "घरात इतकी शांतता आहे, मला दुपारची झोप येत नाही." बरेच दिवस गेले, तरी पेला-चमचा चालूच. डॉक्टर सांगत होते सगळं ठीक आहे, थोडं थोडं गुणगुणून बघा. आक्का मान हलवायची. ती का गात नव्हती ते मला कळत होतं. एकदा तोंड उघडून बघितलं आणि आलं नाही, तर? न उघडलेलं बरं.

मी रोज शहाळं घेऊन जायला लागलो. आमच्या घराण्यात माझी इतकी सेवाभावी वृत्ती कोणी पाहिली नव्हती. एक दिवस आक्काने हवेत कॅमेरा फिरवल्यासारखं केलं, मग कानाकडे बोट केलं. दाखव म्हणे. मी लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, "मिक्सिंग बाकी आहे, आवाज नंतर चढवणार." गाण्याचा सुरुवातीचा तुकडा दाखवला. बोलू न शकणारी आक्का ऐकू न येणाऱ्या आक्काकडे बघत राहिली. तिने स्क्रीनवरच्या स्वतःच्या केसांकडे बोट दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. केस नीट नव्हते म्हणे.

तिकडे सरांना फाइल द्यायची वेळ आली. न देता पळून जावं असं ठरवलं होतं, पण नाव छापून झालं होतं. मी होतं तसं पाठवलं आणि फोन बंद करून ठेवला. चालू केला तर सरांचा मेसेज: आवाज काढून टाकण्याचं धाडस थक्क करणारं आहे.

मी उत्तर लिहिलं, "खूप विचार केला सर."

प्रदर्शन एका हॉलमध्ये होतं. काळे पडदे, समोर भिंतीएवढा स्क्रीन. मुंबईची काही मंडळी हळू आवाजात बोलत होती. तेवढ्यात टेम्पोतून आक्काचा ग्रुप उतरला, सगळ्या जांभळ्या साड्यांत, गजरे माळून. दाजी इस्त्रीच्या शर्टात. आक्काच्या गळ्याला स्कार्फ. ती पहिल्या रांगेत बसली. सवयच ती.

व्हिडिओ सुरू झाला. पहिली बाई स्क्रीनवर आली, गायला लागली. लगेच मागून: "ओ भाऊ, आवाज!"

"साउंडवाला कुठाय?"

"अगं, माझं तोंड बघ केवढं दिसतंय!"

सरांनी हळूच सांगितलं, की ही शांतताच या कलाकृतीचा गाभा आहे. ते कोणाला ऐकू गेलं नाही. बायकांनी आपला खेळ सुरू केला. ओठ बघून गाणं ओळखायचं. "दुसरं कडवं!" "नाही गं, धृपद!" मुंबईची मंडळी माना डोलावत होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. वाटलं, सुटलो. कोणाला काही कळणार नाही.

मग आक्का आली. भिंतीएवढी. डोळे मिटून गायली, वर गेली, तिसऱ्या कडव्याला वर थांबली. हॉलमध्ये सगळ्या गप्प झाल्या, कारण ते कडवं आक्काचं, हे सगळ्यांना माहीत होतं. गाणं संपलं. स्क्रीनवरच्या आक्काने हेडफोन काढला, घाम पुसला आणि कॅमेऱ्यामागे कोणालातरी काहीतरी विचारलं. खालच्या कोपऱ्यातून एक हात आला आणि त्याने अंगठा दाखवला.

हा तुकडा कापायचा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पहिल्या रांगेत आक्काची पाठ ताठ झाली. गळ्याच्या ओढणाऱ्या व्रणामुळे तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती अख्खी, खुर्चीसकट वळली. तिने मला अंधारात शोधून काढलं.

"आलंच नव्हतं ना रे मेल्या?"

आवाज खरखरीत होता, जाड होता, पण शेवटच्या रांगेच्या मागे भिंतीला टेकलेल्या माणसापर्यंत आला. पडद्याच्या बाहेर चहा ओतणाऱ्यापर्यंतही गेला, कारण त्याने आत डोकावून बघितलं.

दाजी उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरून हाक आली की राहतात तसेच. "आला!" ते कोणाला सांगत होते कोण जाणे. "आला आवाज!"

"आक्का, ओरडू नको म्हणालेत डॉक्टर," ग्रुपमधली एक.

"ओरडतेय कुठे, विचारतेय त्याला." आणि हे म्हणताना तिचा हात गळ्यावर गेला. स्वतःचाच आवाज तिला आत्ता ऐकू आला असावा. ती थांबली. मग जरा जपून, चाचपून बघितल्यासारखी म्हणाली, "माइक तर लावला होतास."

"लावला होता, शपथ," मी म्हणालो. मला हसू येत होतं. तिथेच खाली बसलो. सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. काट मारलेला माइक, बासरी, वडापाव, सगळं. सर ऐकत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते जरा मोठ्याने बोलले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही विचार केला नव्हता?"

"नाही सर."

"परत लाव," आक्का म्हणाली.

मी तिची फाइल सुरुवातीपासून लावली. स्क्रीनवरच्या आक्काने श्वास घेतला आणि तेवढ्यात खुर्चीतल्या आक्काने शब्द टाकला. अर्धा श्वास आधी. आयुष्यभर मॅडमच्या पुढे धावली, आता स्वतःच्याच पुढे. आवाज एक पट्टी खाली होता, कडेला थोडा झिजलेला. तिसऱ्या कडव्याला तिने वर जायचा प्रयत्न केला, तो फाटला, तिने हात हलवून ती जागा ग्रुपला देऊन टाकली. जांभळ्या साड्या एकदम वर चढल्या. तेवढ्यात तिने पेलाभर पाणी पिऊन घेतलं आणि पुढची ओळ परत स्वतः उचलली. दाजी रुमालाने चष्मा पुसत होते, मग तोच रुमाल त्यांनी मला दिला.

नंतर बाहेर चहा घेताना सरांनी विचारलं, रोज असं होऊ शकेल का? आक्का म्हणाली, "रोज कोण येतंय? भाजी कोण आणेल?"

आम्ही परत शेठच्या गोदामात गेलो, आवाज पूर्ण भरून आल्यावर. पंखा बंद, मशिनी बंद, हमाल आधीच येऊन खाली बसलेले. या वेळी हेडफोन मी दोन आणले होते आणि एक माझ्या कानाला होता. तिसरं कडवं आक्का आता एक पट्टी खालून गाते, पण गाते पूर्ण.

त्या दिवसापासून माझ्या कॅमेऱ्यातला माइक मी कधी बंद केलेला नाही. गिऱ्हाइकं तक्रार करतात, की हळदीच्या व्हिडिओत गाण्याच्या मधूनच "आत्या, जरा बाजूला व्हा" असं माझं ओरडणं ऐकू येतं. येऊ दे.

आणि आक्काचं ते नवं रेकॉर्डिंग तिच्या आवाजानेच सुरू होतं. गाण्याच्या आधी ती कॅमेऱ्याकडे संशयाने बघते आणि विचारते, "चालू आहे का?"

तेवढं मी कापलेलं नाही.